नाटुकल्यातला तपकिरी कोट

तिच्याच हातचा चहा पीत पीत तुम्ही तिच्याविरुद्ध ठराव केलात. एकाला साखर कमी, एकाला जास्त, एकाला अजिबात नाही, एकाला कप चटका बसेल इतका गरम लागतो, एकाला बशीशिवाय घोट जात नाही. पाच जणांच्या पाच खोडी लक्षात ठेवून तिने तो चहा केला आणि तो तुमच्या घशाखाली उतरायच्या आत तुम्ही विषय क्रमांक चार उरकून टाकलात. तुम्ही म्हणजे चर्चची कारभारी कमिटी. पाच खुर्च्या, पाच चष्मे, एक रजिस्टर. त्यात तुम्ही लिहिलंत की नाटुकल्यांमध्ये अवाढव्य सोंगं आणि हास्यास्पद सामान वापरून गेली तीस वर्षं पवित्र जागेची विटंबना होत आहे. त्या तिसांतली साडेएकोणतीस वर्षं तुम्ही पहिल्या बाकावर बसून पोट धरधरून हसलात, ते लिहायचं तेवढं राहून गेलं.

मावशी दारात उभी होती. रिकामा ट्रे छातीशी धरलेला. सगळी मंडळी तिला मावशीच म्हणायची, अगदी पाळकसाहेबसुद्धा, आणि ते तिच्याहून फार तर चार वर्षांनी लहान असतील. तिला मावशी न म्हणणारा त्या इमारतीत एकच पुरुष होता. तो पाचव्या खुर्चीत बसला होता. कमिटीचा सेक्रेटरी आणि तिचा जावई.

"आई, बसा ना," जावई म्हणाला.

बसायला सहावी खुर्ची नव्हती.

"उभी बरी आहे मी. बोला."

जावयाने घसा खाकरला. "तशी बारीकच गोष्ट आहे, पण ठराव झालाय. मागची खोली शनिवारपर्यंत रिकामी करायची. आणि रविवारी भक्ती संपली की समोर येऊन हे वाचून दाखवायचं." त्याने टाइप केलेला कागद पुढे केला. कागदाच्या चारही कडा टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवलेल्या होत्या.

"माझं भिंग घरी राहिलंय. काय लिहिलंय त्यात?"

"माफी."

"कशाची?"

पाळकसाहेब कपात असं पाहत होते, जसं काही तळाशी एखादं वचन लिहिलेलं आहे.

"कोटाची," शेवटी बशीवाले गृहस्थ म्हणाले.

"कोटाची ना? कोट गेल्या रविवारचा आहे. मग त्याच्या शेपटीला तीस वर्षं कशाला बांधलीत?"

"आई, शब्दाला शब्द नको," जावई म्हणाला.

मावशीने शब्दाला शब्द दिला नाही. ती कप गोळा करू लागली. सवयीने तोंडातून गेलं, "अजून कोणाला हवाय का?" आणि तुमच्यातल्या दोघांनी कप पुढे केले.

मावशीचं आयुष्य हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत गेलं. तळमजल्यावर, जिन्याखाली, एका शिलाई मशीनपाशी. वरून गाठोडी यायची: फाटक्या चादरी, विरलेले पडदे, बंद तुटलेले गाऊन. चादर फाटली की तिचे दोन तुकडे मधोमध उलटे जोडायचे, तेही विरले की उशीच्या खोळी, खोळी गेल्या की पट्ट्या, पट्ट्यांची शेवटी फरशी पुसायची फडकी. "चादरीला मरण नसतं," ती म्हणायची, "ती फक्त लहान होत जाते." नवरा त्याच हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलायचा. तो लवकर गेला. लेक मशीनखालच्या कपड्यांच्या ढिगात झोपून मोठी झाली.

चर्चची नाटुकली तिच्याकडे आली ती शिवता येतं म्हणून. पहिल्या वेळी मेंढपाळांची गोष्ट होती. तिने सांगितल्याप्रमाणे केलं, सगळ्यांना पांढऱ्या चादरी गुंडाळल्या. सगळं फार गंभीर आणि फार पवित्र दिसलं. प्रयोग संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक म्हातारा चौकीदार काठी टेकत तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "छान झालं हो. फक्त एक सांगा, त्यातली मेंढरं कोणती आणि माणसं कोणती?"

ते तिला लागलं. असं लागलं की पुढची तीस वर्षं तिने एकच नियम पाळला: जे काही आहे ते शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे. गोफणीच्या दगडाने पडणारा तो आडदांड योद्धा तिने अकरा फुटांचा केला. पायांत बुटांऐवजी रंगवलेल्या बादल्या, खांद्यावर बांबू, बांबूवर गादीच्या फोमचं डोकं, आणि डोक्याला दाढी म्हणून फरशी पुसायचा अख्खा मॉप. झाडावर चढून बसलेल्या ठेंगण्या माणसाची गोष्ट आली तेव्हा मंडळीत कोणी ठेंगणा सापडेना. जे होते ते ठेंगणे आहोत हे मान्य करेनात. मग मावशीने बाकीच्या सगळ्यांना लाकडी ठोकळ्यांवर चढवलं आणि मंडळीतला सगळ्यात उंच गृहस्थ आपोआप बुटका झाला. तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून लोकांशी बोलला आणि नंतर म्हणाला, "मावशी, बुटक्यांची मान फार दुखत असेल हो. माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं."

आणि मासा. पळपुट्या संदेष्ट्याला गिळणारा. सहा मोडक्या छत्र्यांच्या काड्या, हॉस्पिटलच्या मच्छरदाण्या, खाली चाकांची ट्रॉली. पहिल्याच प्रयोगात माशाच्या पोटाची चेन अडकली आणि संदेष्टा बाहेर येईना. पाळकसाहेबांनी नाइलाजाने तसंच प्रवचन सुरू केलं. तो आतून प्रत्येक प्रार्थनेला खणखणीत आवाजात आमेन म्हणत राहिला. त्या दिवशी प्रवचनात कोणी पेंगलं नाही.

बोलणारं गाढव दोन जणांचं होतं. पुढचे पाय औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, मागचे पाय टपालवाला. दोघांचं एरवी पटायचं नाही. गाढवाच्या आत मात्र पटवून घ्यावं लागे, कारण पुढच्याला दिसायचं आणि मागच्याला लाथ मारता यायची.

कोणी म्हणालं, मावशी, जरा जास्तच होतंय, तर तिचं उत्तर ठरलेलं: "देवाच्या गोष्टीत सगळंच मोठं आहे. पूर मोठा, मासा मोठा, राग मोठा, माफी मोठी. मग कापडातच कशाला हात आखडायचा?"

गेल्या रविवारचं नाटुकलं तसं साधं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरणारा आणि स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन वावरणारा माणूस. ही गोष्ट सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मावशीने ती वीस मिनिटांची केली, कारण मुसळ पाच फुटांचं केलं. आत प्लास्टिकचा पाइप, त्यावर फोम, वरून तपकिरी रेक्झिन, आणि ते सगळं पोहण्याच्या चष्म्याच्या उजव्या भिंगावर शिवून टाकलेलं. वजनाने माणूस नाकावर आपटला असता, म्हणून डोक्यावरून मागे पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला वाळूची पिशवी. कंपाउंडर सात दिवस घरातल्या घरात ते लावून चालायला शिकला. बायकोने दोन कप आणि एक फुलदाणी गमावली.

त्याला घालायला चांगला कोट हवा होता. "मुसळवाले नेहमी नीटनेटके असतात," मावशी म्हणाली होती. त्याच सकाळी लेकीने पिशवी आणून दिली. जुने कपडे आहेत, बघ काही उपयोग झाला तर, एवढंच म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. मावशीने पिशवीत हात घातला. वरच घडी घातलेला कोट. मागच्या खोलीच्या खिडकीत मासा उभा केलेला असल्यामुळे आत उजेड जेमतेम. बोटं कोपरांवरून फिरली. कोपरांना चामड्याची ठिगळं, कडेने तिरका दुहेरी टाका. टाका तिचाच होता, हे बोटांना कळलं. पण त्यात कळण्यासारखं काही नव्हतं. अर्ध्या मंडळीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि खिशांवर तिचाच टाका होता. दुसरी एखादी शिवणारी असती तर थबकली असती. मावशीने कोट झटकला, कंपाउंडरच्या अंगात चढवला आणि त्याला उजेडात ढकललं.

उजेडात कंपाउंडरने बाही पाहिली. समोर बसलेल्या मंडळीनेही पाहिली. नऊ वर्षं दर रविवारी हाच तपकिरी कोट चर्चच्या दारात उभा असायचा. उशिरा येणाऱ्याकडे आधी पाहायचा, मग घड्याळाकडे, मग पुन्हा येणाऱ्याकडे. गेल्या वर्षीच सेक्रेटरींनी नवा शिवला होता.

कंपाउंडर जात्याच वात्रट. मोकळ्या डाव्या भिंगातून त्याने टपालवाल्याच्या डोळ्यात डोकावून पाहिलं. संहितेतलं वाक्य होतं, 'बंधू, तुझ्या डोळ्यात कुसळ आहे.' ते त्याने गिळलं. घसा खाकरला आणि म्हणाला, "तशी बारीकच गोष्ट आहे, पण."

आणि वळला. मुसळाने टपालवाल्याची टोपी उडाली. उचलायला वाकला तर फुलदाणी गेली. सरळ झाला तर गाणाऱ्यांची अख्खी रांग एकदम खाली बसली.

मावशी पडद्यामागे होती. तिला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं, आणि हसण्याचे आवाज तिला चादरींसारखे ओळखू यायचे. हे जाडजूड, हे विरलेलं, हे नवंकोरं. इतकं हसू तिने त्या भिंतींत कधी ऐकलं नव्हतं. त्यात एक आवाज होता तो काही केल्या लागेना. उंच जाणारा, आणि शेवटी उचकीसारखा अडकून पुन्हा सुटणारा. कुठेतरी ऐकलाय. फार जुना आहे. मशीनच्या खडखडाटामागे ऐकलाय.

अगं बाई, तिला वाटलं, ही तर आपली लेक.

शनिवारी खोली रिकामी झाली. बादल्या पुन्हा बादल्या झाल्या. त्या चर्चच्या झाडूवालीने नेल्या; रंग जाणार नाही म्हणाली, राहू दे. मॉपची दाढीही तिनेच नेली. ठोकळे सुताराने. गाढवासाठी कंपाउंडर आणि टपालवाला दोघे आले आणि कोणी न्यायचं यावरून दारातच जुंपली.

"डोकं माझ्याकडे राहील," कंपाउंडर म्हणाला.

"आणि मी काय ढुंगण घेऊन जाऊ बायकोपुढे?" टपालवाला.

"सवय आहे त्यांना."

शेवटी टपालवाल्याच्या गच्चीवर जागा होती म्हणून अखंड गाढव त्याच्याकडे गेलं. कंपाउंडर मागे रेंगाळला.

"मावशी, मी सांगतो कमिटीला. ते वाक्य माझं होतं. तुमचा काय संबंध?"

"तू गप बस. कमिटीतले तिघं तुझ्या दुकानातून रक्तदाबाच्या गोळ्या नेतात. मालकाच्या कानावर घालतील, नोकरी जाईल."

"गोळ्या बदलून देऊ का?"

"गाढवा."

"पुढचा भाग फक्त," तो म्हणाला. मग चेहरा पडला त्याचा. पायानेच फरशीवरचा फोमचा तुकडा सरकवत उभा राहिला. "मला त्या दिवशी आवरलं नाही, मावशी."

"कोणालाच आवरलं नाही. जा आता."

तो गेल्यावर लेक आली. हातात भाजीची पिशवी, म्हणजे घरी बाजाराला जाते म्हणून सांगितलेलं. पिशवी रिकामी होती. मावशीने काही विचारलं नाही. खोलीत मासा तेवढा उरला होता. काड्या काढून ठेवलेल्या, नुसतं कापड, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"धर त्या टोकाला," मावशी म्हणाली.

दोघींनी मासा चादरीसारखा धरला. ताणला, झटकला आणि घडी घालायला एकमेकींकडे चालत आल्या. लहानपणापासून असंच. लेक चालायला लागली तेव्हापासून तिला चादरीचं दुसरं टोक धरायला मिळालं होतं. मधोमध हात भेटले की टोकं आईकडे द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलून मागे जायचं.

"कोट कुठे आहे?" लेकीने विचारलं.

"कमिटीने ठेवून घेतलाय. पुरावा म्हणून."

लेक मागे गेली, परत आली.

"मी तरी किती बावळट," मावशी म्हणाली. "माझाच टाका, माझ्या हाताला लागला, आणि डोक्यात प्रकाश पडला नाही. जावयाचा कोट गं. लोक म्हणतात सासूने जावयाला भर चर्चमध्ये नागवलं. मला तर पाणी गिळवेना दोन दिवस."

"आई."

"शेपटी लोळतेय, वर घे."

"आई, तो पिशवीत चुकून नव्हता आला."

दोघींचे हात मधोमध होते. मावशीने टोकं घेतली नाहीत.

"मी मुद्दाम ठेवला. इस्त्री करून ठेवला. वर ठेवला."

"का गं?"

"मला हसायचं होतं."

बाहेर कोणीतरी बाक सरकवत होतं.

"ते मारत नाहीत," लेक म्हणाली. "शिवी नाही, दारू नाही. तुला कोणी विचारलं तर तू काय सांगशील? लोक म्हणतील सुख टोचतंय. पण बारा वर्षं झाली. पेल्याला बोटाचा ठसा. दार लावताना आवाज. चप्पल तिरकी. भाजी चिरली तर तुकडे सारखे नाहीत. आणि मी हसले की म्हणतात, तशी बारीकच गोष्ट आहे, पण दात फार दिसतात. मग मी नळ सोडून न्हाणीघरात हसायचे. एकटीच, काहीतरी आठवून. तर पाणी वाया जातं म्हणून तेही बंद झालं."

मावशीला जावई माहीत होता. तिच्या डोळ्यांचे थेंब संपायच्या आदल्या दिवशी नवी बाटली आणून देणारा. तिच्या मोरीचा नळ गळतो हे तिच्या आधी त्याच्या ध्यानात यायचं आणि बाह्या सरसावून तो स्वतः वायसर बदलायचा. माणूस वाईट नव्हता. तिचा सगळा राग तिथेच तर अडायचा. वाईट माणसाशी भांडता येतं. नळ दुरुस्त करणाऱ्याशी कसं भांडायचं?

"मला वाटलं एकदा त्यांना दिसेल," लेक म्हणाली. "तू इतकं मोठं करतेस. शेवटच्या बाकावरून दिसतं. मग त्यांना नाही दिसणार?"

"दिसलं ना. म्हणून तर ठराव झाला."

लेक हसली नाही. "उद्या मी उभी राहते. सांगते कोट मी दिला."

"आणि संध्याकाळी कोणाच्या घरी जाशील?"

लेकीने माशाची कड बोटाला गुंडाळली.

"माझ्याकडे यायचं असेल तर ये. खाट एक आहे, आपण दोघी काही हत्ती नाही. पण ते बसून, विचार करून, ठरवून ये. भर मंडळीत, एका कोटापायी, तोंडातून निघून गेलं म्हणून नको. तसं आलीस तर जन्मभर तू त्या कोटाला दोष देशील आणि मी त्या ठिगळाला."

"पण त्या कागदात जाणूनबुजून लिहिलंय, आई. मी टाइप करताना पाहिलंय. तुला खोटं वाचावं लागेल, देवाच्या घरात."

"मी तीस वर्षं तिथे मच्छरदाणीला मासा म्हणत आलेय," मावशी म्हणाली. "दे टोकं इकडे."

मासा शेवटी उशीएवढा झाला. लेकीने तो भाजीच्या पिशवीत घातला, पण न्यायचा कुठे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मावशीने पिशवीतून तो काढून स्वतःच्या काखेत मारला.

रविवारी चर्च भरलेलं होतं. माफी ऐकायला लोक वेळेवर येतात. दारात नवा कोट उभा होता आणि त्याला त्या दिवशी घड्याळ पाहायची वेळ एकदाही आली नाही. भक्ती संपली. पाळकसाहेबांनी नाव न घेता मावशीला पुढे बोलावलं आणि स्वतः बाजूला सरून आपल्या बुटांकडे पाहू लागले.

माईक पाळकसाहेबांच्या उंचीला लावलेला होता. कमिटीतल्या कोणाला तो खाली घ्यावासा वाटला नाही. मावशीने टाचा उचलून पाहिल्या, मग तो नाद सोडला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात भिंग. तुमचं मराठी फार कडक होतं. ती एकेका शब्दापाशी थांबत गेली, जशी सुई जाड कापडात थांबते. खाली सही करणारी मी. पवित्र जागेचे भान न ठेवता. अतिरंजित वेशभूषा. मंडळीच्या एका जबाबदार सेवकाचा.

पुढे तो शब्द होता. भिंगाखाली तो इतर शब्दांपेक्षा मोठा दिसत होता असं नाही. तिने लेकीकडे पाहिलं नाही, आणि पाहायचं नाही म्हणून मान इतकी ताठ ठेवली की मानेची शीर उमटली.

"जाणूनबुजून," तिने वाचलं, "अपमान केला."

शेवटच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मावशी, ऐकू येत नाही इथे."

चर्चमध्ये चुळबुळ झाली. कंपाउंडर उठायला लागला, टपालवाल्याने त्याला मागून कोटाला धरून खाली बसवलं. मावशीने भिंग पुन्हा त्याच ओळीवर आणलं, आवाज काढला आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हटलं, "जाणूनबुजून अपमान केला. त्याबद्दल मी माफी मागते."

झालं. तिने कागदाची नीट घडी घातली, पाळकसाहेबांच्या हातात दिली. आता तिने उजवीकडून उतरून आपल्या बाकावर जायचं होतं. पेटीवाल्याची बोटं शेवटच्या गाण्यासाठी पट्ट्यांवर टेकली होती.

ती डावीकडून उतरली. तिसऱ्या रांगेत कडेला जावई बसला होता, पलीकडे लेक. सासू येताना पाहून तो उठायला लागला. एवढं वळण त्याला होतं. मावशीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि वाकली. माईक पार लांब राहिला होता. जे बोलायचं ते तिथल्या तिघांपलीकडे जाणार नव्हतं. तुम्ही तिला जसं सगळ्यांसमोर उभं केलंत, तसं तिने त्याला केलं नाही, याची नोंद तुमच्या रजिस्टरात कोणी करणार नाही म्हणून इथे करून ठेवतो.

"जावईबापू, मंडळीचं देणं झालं. आता हे तुमचं-माझं."

"आई, इथे नको. लोक बघतायत."

"बघू दे. त्यांना वाटतंय मी अजून माफीच मागतेय."

आणि खरोखरच बशीवाले गृहस्थ पहिल्या बाकावरून मागे वळून समाधानाने मान हलवत होते.

"माझ्या लेकीचं काय काय चुकतं," मावशी म्हणाली, "ते तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. ते मला नकोय. तिची आई आहे मी, माझ्याकडेही यादी आहे. मला एवढंच सांगा, ती हसते कशाने?"

जावयाने घसा खाकरला. "तशी," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द जागेवर सापडले नाहीत. त्याने बायकोकडे पाहिलं. ती समोर पाहत होती, हात मांडीवर, ओठ मिटलेले. तो पाहत राहिला. पेटीवाल्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी छताकडे. मागच्या बाकांवर खोकला फिरून आला. मावशीच्या गुडघ्यातून कळ निघत होती, पण तिने खांद्यावरचा हात काढला नाही आणि त्यावर भारही दिला नाही.

"घाई नाही," ती म्हणाली. "एकच सांगा. बारा वर्षांतली कुठलीही. बारीकशी असली तरी चालेल, जावईबापू. पण उत्तर द्या. मी उभी आहे."